चैत्रातली फूट: खरड छाटणीनंतरची द्राक्षबाग आणि तिच्या कडेचा भाजीपाला

चैत्र म्हटले की पालवी, मोहोर आणि कोवळे कोंभ डोळ्यांसमोर येतात. परंतु नाशिक जिल्ह्याच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात याच महिन्यात द्राक्षबागायतदार हातात कात्री घेतो आणि वेलीवरची जवळजवळ सगळी काडी उतरवून टाकतो. बांधावरच्या कडुलिंबाला तांबूस पालवी आलेली असते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, आणि बागेत मात्र खोडे, ओलांडे (खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांद्या) व उघड्या तारा तेवढ्या उरतात. या छाटणीनंतर जी फूट, म्हणजे नवे कोवळे कोंभ, येते तिची निगा कशी राखावी, आणि त्याच दिवसांत बागेच्या कडेला एक-दोन गुंठ्यांत घरापुरता उन्हाळी भाजीपाला कसा घ्यावा, हे येथे सांगायचे आहे. आमच्याकडे ही दोन्ही कामे एकाच विहिरीच्या पाण्यावर आणि त्याच माणसांच्या हातांनी होतात, त्यामुळे एकात केलेली चूक किंवा घेतलेली काळजी दुसऱ्यात उमटल्याशिवाय राहत नाही.

आधी कारण समजून घ्यावे

युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात पूर्ण झोपते, वसंतात जागी होते आणि त्याच वसंतातल्या फुटीवर त्याच वर्षीचे घड धरते. आपल्याकडे थंडी इतकी कडक नसते की वेल झोपी जाईल. मोकळी सोडली तर ती बाराही महिने वाढत राहील आणि घड मात्र कुठेतरी, केव्हातरी, थोडेसे येतील. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत रुजली. द्राक्षे उतरल्यावर मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जिला आपण गोडी बहार छाटणीही म्हणतो.

यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि पुढचे प्रत्येक काम तिच्यावरच उभे आहे. चैत्रातल्या फुटीपासून आपल्याला द्राक्षे नको असतात, काडी हवी असते. त्या काडीच्या प्रत्येक डोळ्यात (पानाच्या बगलेतल्या कळीत), छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून साठ-सत्तराव्या दिवसापर्यंत, पुढच्या हंगामाचा घड अतिसूक्ष्म रूपात तयार होतो. ऑक्टोबरात आपण छाटतो तेव्हा त्या घडाला फक्त बाहेर येण्याची वाट करून देतो. तो असणार की नसणार हे मे-जूनमध्येच ठरून गेलेले असते. ऑक्टोबरात गोळीघड (नीट न वाढलेले आखूड घड) निघाले किंवा नुसतीच बाळी (घडाऐवजी येणारा तणावा) आली की बागायतदार त्या महिन्याच्या खतात आणि औषधात कारण शोधू लागतो, पण बहुतेक वेळा ते कारण उन्हाळ्यातल्या दाट, अंधाऱ्या कॅनॉपीत, म्हणजे पानांच्या छत्रीत, दडलेले असते. आमचे मामंजी एप्रिलच्या छाटणीला मुख्य छाटणी समजत आणि ऑक्टोबरच्या छाटणीला तिचा हिशेब. मलाही इतक्या वर्षांनंतर तसेच वाटते.

विश्रांती आणि छाटणीची तारीख

शेवटचा माल उतरल्यानंतर लगेच कात्री लावू नये. घड पोसताना वेलीने खोडातला आणि मुळांतला साठा वापरलेला असतो आणि तो भरून काढण्यासाठी तिला तीन-चार आठवडे हिरव्या पानांसह मोकळे सोडावे लागते. या काळात हलके पाणी चालू ठेवावे, माती परीक्षण करून घ्यावे, बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यावर) चारी घेऊन चांगले कुजलेले शेणखत व सुपर फॉस्फेट द्यावे आणि चारी मातीने झाकावी. चारी घेताना थोडी पांढरी मुळे तुटतात. त्याने घाबरून जाऊ नये, कारण ओलावा असल्यास तेथून नवी मुळे जोमाने येतात.

तारीख ठरवताना मागून पुढे नव्हे तर पुढून मागे मोजावे. नाशिककडे मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो, आणि त्याआधीही ढग दाटू लागतात. डोळ्यांत घड तयार होण्याचे दिवस स्वच्छ, तळपत्या उन्हात गेले पाहिजेत, कारण प्रकाश कमी पडला तर डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेल्या बागेला हे ऊन मिळते. मे महिन्यात छाटलेली बाग नेमक्या नाजूक काळात आभाळाखाली सापडते. माल उशिरा गेला म्हणून छाटणी लांबली तर विश्रांतीचा एखादा आठवडा कमी करणे मी पसंत करीन, परंतु छाटणी मे महिन्यात ढकलणार नाही.

कात्री, पेस्ट आणि बोर्डो

ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक डोळा राखून छाटावी. कात्रीला धार असावी. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि चिरडलेल्या जागी बुरशी शिरते. ओलांड्याचा वाळलेला भाग, जुने खुंट आणि वेड्यावाकड्या गाठी याच वेळी काढून घ्याव्यात आणि मोठ्या जखमांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. खोडावरची सुटलेली साल हाताने किंवा गोणपाटाने काढून टाकावी, कारण मिलीबग, ज्याला आपण पिठ्या ढेकूण म्हणतो, त्या सालीखालीच दडून बसतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कोठेतरी मिलीबग आहे असे समजावे. त्याच्या अंगातून निघणाऱ्या चिकट गोड द्रवासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतात.

छाटलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन जाळण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. निरोगी काड्यांचे बारीक तुकडे करून ते बोदावर पसरले तर उन्हाळाभर आच्छादन मिळते आणि पुढे त्याचे खत होते. मिलीबग किंवा खोडकिडीने पछाडलेल्या काड्या मात्र बाहेर काढून नष्टच केल्या पाहिजेत.

फूट एकसारखी यावी यासाठी डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग करतात. एप्रिलच्या कडक उन्हात त्याचे प्रमाण ऑक्टोबरपेक्षा कमी ठेवावे लागते. बाटलीवरची सूचना आणि जवळच्या तज्ज्ञाचा सल्ला यांच्या बाहेर जाऊ नये. हे रसायन अंगावर पडले तर त्वचा भाजते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे यांशिवाय कोणालाही डबा हातात देऊ नये. त्याच्याबरोबर मद्य घेतल्यास शरीरावर गंभीर परिणाम होतात. काम करणाऱ्याने आदल्या दिवसापासून पुढचा किमान आठवडाभर दारूला स्पर्श करू नये, आणि हे त्याला समोर बसवून, स्पष्ट शब्दांत सांगणे ही बागमालकाची जबाबदारी आहे.

बोर्डो मिश्रणाबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण ते स्वस्त, जुने आणि भरवशाचे असूनही घाईत करण्याची सवय वाढली आहे. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, निम्म्या-निम्म्या पाण्यात भिजवावेत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नये. चुना पूर्ण फुटून गार झाला की तो गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी, सारख्या धारेने तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळत राहावे. आकाशासारखा निळा रंग आला की त्यात विळ्याचे स्वच्छ घासलेले पाते थोडा वेळ बुडवावे. पाते बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, आणि असे मिश्रण फवारले तर कोवळी फूट करपेल. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पाते स्वच्छ निघेपर्यंत ही तपासणी पुन्हा करावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. छाटणीनंतर खोड, ओलांडे आणि तारांसकट सगळी बाग यात धुऊन निघाली पाहिजे.

फूट निघताना

पेस्टिंगनंतर डोळे फुगू लागतात. वरचे तपकिरी पापुद्रे सुटतात, आतून पांढरट लव असलेला गुलाबी कोंभ दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला पहिल्या पानाची घडी उलगडते. हे पाहण्यासाठी सकाळी लवकर बागेत जावे. त्याचे एक व्यावहारिक कारणही आहे: उडद्या हा लहानसा भुंगेरा नेमका याच अवस्थेतला डोळा कुरतडतो, आणि कुरतडलेल्या डोळ्याच्या जागी पुन्हा तशी जोमदार फूट येत नाही. ओलांड्याखाली कापड धरून वेल हलवली की उडदे त्यावर पडतात आणि त्यांची संख्या पाहून फवारणीची गरज ठरवता येते. केवळ शेजाऱ्याने पंप सुरू केला म्हणून आपणही फवारणी करावी, हे मला कधीच पटलेले नाही.

तापमान चाळिशीच्या वर गेले की फूट मागेपुढे होते आणि ओलांड्याचा उघडा भाग उन्हाने भाजतो. अशा दिवसांत सकाळ-संध्याकाळ ओलांड्यांवर साध्या पाण्याची फवारणी करावी. बोद आच्छादलेला असेल तर मुळांजवळची माती बरीच थंड राहते आणि फूट एकसारखी येते.

फूट चार-पाच पानांची झाली की विरळणी करावी. नऊ फूट बाय पाच फूट अंतरावरच्या वेलीला ४५ चौरस फूट जागा मिळते आणि तेवढ्या जागेत ३० ते ३५ काड्या पुरेशा होतात. प्रत्यक्षात फूट याच्या दुप्पट निघते. ओलांड्याच्या खालच्या बाजूने निघालेली, एकाच डोळ्यातून जोडीने आलेली, अतिशय बारीक आणि अतिशय जाड अशी फूट काढावी आणि राहिलेल्या काड्या ओलांड्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतराने राहतील असे पाहावे. या फुटीवर एखादा घड आलाच तर तोही खुडावा. निरोगी, चकचकीत कोंभ बोटांनी मोडताना मन कचरते, हे मी जाणते. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतील नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच काम सर्वांत अवघड जाते. त्यांना मी एक वेल आधी स्वतः विरळून दाखवते आणि तिच्याखाली उभे राहून वर पाहायला सांगते. पानांमधून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर विरळणी बरोबर झाली, आणि सगळी सावली पडत असेल तर अजून काढायला हवे. मापाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ही खूण हाताशी लवकर बसते.

सबकेन आणि डोळ्यांवरचे ऊन

थॉम्पसन आणि तिच्यापासून निघालेले तास-ए-गणेश यांसारखे वाण डॉगरिज खुंटावर (ज्या वेलीच्या मुळांवर कलम बांधतात तिच्यावर) असले की काडी फार जोमाने सरळ वर धावते. अशी धावणारी काडी लांब होते, पण तिच्या खालच्या डोळ्यांत घड भरत नाहीत. म्हणून आठ-नऊ पाने झाली की सातव्या पानावर शेंडा खुडतात. त्यानंतर वरच्या डोळ्यातून बगलफूट निघते. तीच पुढे वाढू द्यावी, बाकीच्या बगलफुटी काढाव्यात आणि पाच पानांनंतर पुन्हा शेंडा मारावा. या पद्धतीला आपल्याकडे सबकेन म्हणतात. जेथे जुनी काडी संपून नवी सुरू होते त्या गाठीजवळचे डोळे सर्वांत भरदार असतात आणि ऑक्टोबरात छाटणी त्याच गाठीच्या आसपास घेतली जाते. खुंट किंवा जमीन कमी जोमाची असेल, अथवा वाण असा असेल की सुरुवातीच्या डोळ्यांतच घड येतो, तर सबकेन करण्याची गरज नाही. सरळ काडी ठेवावी.

सबकेन झाल्यावर आठवड्याला एकदा तरी बागेतून शेंडे मारीत आणि काड्या तारेवर पसरीत फिरावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात खंड पडला की पाने पानांवर चढतात. वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे लोक ज्याला सीसीसी म्हणतात ते संजीवक, वापरण्याची सवय जुनी आहे. परंतु २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि बागायतदार व निर्यातदार दोघांचेही मोठे नुकसान झाले, हे विसरता येणार नाही. खरड छाटणीत दिलेले औषध वेलीच्या लाकडात राहते आणि महिन्यांनंतर मण्यांत उतरू शकते. ज्याचा माल निर्यातीला जायचा आहे त्याने कोणतेही संजीवक घेण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यताप्राप्त औषधांची यादी पाहावीच. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ यांचे मार्गदर्शन आपल्या भाषेत मिळते. त्याचा लाभ घ्यावा. माझे स्वतःचे मत असे आहे की, पाणी आणि नत्र वेळेवर कमी केले आणि शेंडे हाताने मारले, तर वाढ रोखण्याचे बहुतेक काम औषधाशिवाय होते.

पाणी आणि खत यांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. पहिले ३०-४० दिवस पानांचे आणि काडीचे असतात, त्यामुळे त्या काळात नत्र आणि भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर डोळ्यांत घड तयार होऊ लागतात, तेव्हा नत्र थांबवावे, पाणी निम्म्याहून कमी करावे आणि स्फुरद द्यावे. शेवटी काडी पिकायची असते, तिला पालाश लागते. बागेला नेमके काय कमी पडते आहे ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचे देठ गोळा करून देठ परीक्षण करून घ्यावे. पाणी कमी करताना ठिबक एकदम बंद करू नये. बोदातली माती मुठीत दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, इतपत ओल राहिली पाहिजे.

कडेचा भाजीपाला

भाजीसाठी जागा निवडताना वाऱ्याकडे पाहावे. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो, म्हणून भाजीचे वाफे बागेच्या पश्चिमेला ठेवले तर बागेतली फवारणी भाजीवर उडत नाही. मध्ये मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन दाट ओळी लावाव्यात. त्या वारा अडवतात आणि शेवरीच्या काठ्या पुढे वेलांच्या आधाराला येतात. मांडवाखालच्या मोकळ्या पट्ट्यात भाजी घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. छाटणीनंतर बागेत जी औषधे पडतात ती ताटात येणाऱ्या भाजीवर पडणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

भेंडी बागेपासून जास्तीत जास्त दूर लावावी. द्राक्षावर येणारा गुलाबी मिलीबग भेंडीवरही पोसतो आणि जास्वंदीवरही. या दोन्ही झाडांना बागेच्या कुंपणाला लागून जागा दिली तर किडीला बाराही महिने आसरा मिळतो. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखा, पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारा वाण निवडावा, बी रात्रभर भिजवावे आणि उन्हाळ्यात ओळींत एक फुटाचे व दोन झाडांत अर्ध्या फुटाचे अंतर ठेवावे. पेरणीनंतर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो. एक दिवसाआड तोडणी केलीच पाहिजे, कारण एखादी भेंडी झाडावर जून होऊ लागली की झाड नव्या फुलांकडे दुर्लक्ष करते.

गवार सर्वांत कमी मागणारी भाजी आहे. पुसा नवबहार पेरली, दोन खुरपण्या दिल्या आणि पाणी मोजके ठेवले की तिला आणखी काही लागत नाही. तांदुळजा आणि माठ उन्हातही वाढतात, कोथिंबिरीला मात्र एप्रिलचे ऊन सोसत नाही. पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली लहान सपाट वाफ्यात, आठ-आठ दिवसांच्या अंतराने थोडे थोडे बी फोकावे, म्हणजे घरात रोज कोवळी पालेभाजी येत राहते. आमच्या सासूबाई तांदुळजा उपटत नाहीत, वरून खुडतात. त्यामुळे तेच झाड पुन्हा फुटते आणि एका वाफ्यावर तीन-चार वेळा भाजी निघते.

खरी मजा वेलवर्गीय भाज्यांची. हिमांगी काकडी, फुले ग्रीन गोल्ड कारले, फुले सुचेता दोडका आणि सम्राट दुधी हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आमच्या हवेला चांगले जुळतात. फेब्रुवारीत आळी करून लावलेले वेल चैत्रात मांडवावर चढतात. पाडव्याच्या सुमारास दुसरी लावण केली तर पहिले वेल दमले की दुसरे हाताशी येतात. दोन पानांच्या अवस्थेत तांबडे भुंगेरे रोपाची चाळण करतात. ते सकाळच्या गारव्यात सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने फवारला तर मावा आणि तुडतुडे आटोक्यात राहतात. फळमाशीसाठी क्यू-ल्यूर या आमिषाचे सापळे पहिले फूल दिसताच टांगावेत. फळ सडू लागल्यावर टांगलेल्या सापळ्याने ते फळ वाचत नाही. सडलेली फळे वेलाखाली पडू देऊ नयेत, ती खोल पुरावीत.

वेलांना फुले खूप आली आणि फळ एकही नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. प्रथम नर फुले येतात आणि मादी फुले मागून, शिवाय कडक उन्हात व मोठ्या दिवसांत नर फुलांचेच प्रमाण वाढते, तेव्हा काही दिवस धीर धरावा. मादी फूल ओळखणे सोपे असते, कारण त्याच्या पाकळ्यांखाली आधीपासूनच बोटाच्या पेरापेक्षा लहान असे फळ लागलेले असते. काकडी आणि कारले सकाळी फुलतात व त्यांचे काम मधमाश्या करतात, म्हणून या वेलांवर सकाळच्या वेळी काहीही फवारू नये. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात आणि ते निशाचर पतंगांवर अवलंबून असतात. पतंग कमी असतील तर हे काम आपण करावे. दिवस मावळताना दुधीचे नुकते उमललेले पांढरे नर फूल देठासकट तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा परागकोश मादी फुलाच्या मधोमध हलकेच दोन-तीन वेळा फिरवावा. पराग चिकटलेला बोटालाही कळतो. फळ धरले असेल तर दोन-तीन दिवसांत त्याचे देठ खाली वाकू लागते आणि अंगावरची लव ठळक दिसते. धरले नसेल तर ते पिवळे पडून गळते. बागेत आज केलेल्या कामाचे उत्तर मला पुढच्या माघात मिळते आणि दुधी तेच उत्तर आठवड्याच्या आत देतो. या दोन्ही प्रकारच्या वाट पाहण्यात दिवस गेला की मला कामाचा शीण जाणवत नाही. पहिल्या तोड्याच्या काकड्या टोळीबरोबर दुपारच्या भाकरीला, मीठ लावून खाण्याचा आमच्याकडे प्रघात आहे आणि तो मोडावा असे मला कधी वाटले नाही.

तणनाशक आणि अवकाळी

दोन संकटांबद्दल सांगितलेच पाहिजे. पहिले म्हणजे टू-फोर-डी हे तणनाशक. ऊस, गहू किंवा बांधावरच्या रुंद पानांच्या तणासाठी ते सर्रास वापरले जाते आणि द्राक्षवेल त्याला कमालीची नाजूक आहे. वाऱ्याबरोबर आलेल्या थोड्याशा तुषारानेही नवी पाने अरुंद, टोकदार आणि पंख्यासारखी चुणीदार निघतात व शिरा एकमेकींना समांतर दिसू लागतात. भेंडी आणि काकडीवर्गीय वेलांनाही त्याचा त्रास होतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि तो पंप धुऊनसुद्धा बागेत आणू नये. शेजारच्या शेतकऱ्याला छाटणीपूर्वीच भेटून आपली फूट केव्हा निघणार ते सांगावे. माणसे ऐकून घेतात, फक्त ते आधी सांगितलेले असावे लागते.

दुसरे संकट गारपिटीचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या अजून लक्षात आहे, आणि त्यानंतर चैत्र-वैशाखातले अवकाळी आभाळ कोणी हलके घेत नाही. कोवळ्या फुटीवर गारा पडल्या तर तुटलेले आणि चिरलेले शेंडे खालच्या निरोगी डोळ्यापर्यंत लगेच छाटावेत, अर्धा टक्का बोर्डोची फवारणी करावी आणि नव्या फुटीची पुन्हा विरळणी करावी. फूट तीस दिवसांच्या आतली असेल तर वेल सावरते. भाजीच्या वेलांत दुधी आणि दोडका पुन्हा फुटतात. काकडी सहसा फुटत नाही, तिचे बी नव्याने लावणेच बरे.

मृग लागेपर्यंत

मे अखेरीस काडी तळाकडून तपकिरी होऊ लागते. रंग जसा वर चढतो तशी काडी पिकत जाते. आठव्या-दहाव्या पेरापर्यंत हिरवेपणा गेला आणि काडी आडवी कापल्यावर मधला गाभा लहान व तपकिरी दिसला, म्हणजे ती पक्व झाली. पाऊस सुरू होण्यापूर्वी शेवटचे शेंडे मारून, खालची पिवळी पाने काढून बागेत वारा खेळता ठेवावा, नाहीतर जुलैत करपा आणि भुरी हे दोन्ही बुरशीचे रोग येतात. भाजीच्या वाफ्यात प्रत्येक वेलावरचे एक सुदृढ फळ बियांसाठी राखावे. दोडका वेलावरच वाळू द्यावा, दुधी हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत ठेवावा. मात्र शेजारी दुसऱ्या वाणाचे वेल असतील तर ते बी मिश्र निघेल, हे गृहीत धरावे. मोकळ्या झालेल्या वाफ्यात ताग पेरून तो फुलावर येताच मातीत गाडावा.

ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात काडी तपासणीसाठी द्यावी. पिंपळगाव बसवंतसारख्या ठिकाणी प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून त्यातला घड पाहतात आणि कितव्या डोळ्यात तो आहे ते लिहून देतात. नमुना देताना एकाच वेलीच्या छान दिसणाऱ्या काड्या देऊ नयेत. प्लॉटच्या चारही बाजूंच्या आणि मधल्या वेलींवरून जाड, मध्यम व बारीक अशा तिन्ही जाडीच्या काड्या घ्याव्यात, त्या वेगवेगळ्या बांधाव्यात आणि प्रत्येक जुडीला चिठ्ठी लावावी, कारण ऑक्टोबरात कोणती काडी किती डोळ्यांवर छाटायची हे त्या तीन जुड्यांवरूनच ठरणार असते.